सशाचा वास काय सांगतो?

ससा हा मोठा टापटिपीचा प्राणी आहे. मांजराप्रमाणे तो दिवसातून अनेकदा स्वतःचे अंग चाटून साफ करतो, पुढच्या पायांनी तोंड पुसतो, लांब कान खाली ओढून तेही स्वच्छ करतो. निरोगी सशाच्या पाठीला नाक लावून पाहा. वाळलेल्या गवताचा असतो तसा सौम्य वास येईल, बस्स! आणि तरीही "ससा पाळला की घरात घाण सुटते" ही तक्रार तुम्ही ऐकली असेल.

ही तक्रार पुष्कळदा सशाच्या जिवावर बेतते. वास जावा म्हणून त्याला अंघोळ घातली जाते, पिंजऱ्यात फिनेल ओतले जाते. मागची बाजू बरबटलेली दिसली तर "याला हगवण लागली" असे म्हणून घरातलीच एखादी गोळी दिली जाते. शेवटी कंटाळून कोणीतरी त्याला उसाच्या फडाकडेला सोडून देतो. पिंजऱ्यात जन्मलेला पांढराशुभ्र ससा तेथे कुत्र्यांच्या तोंडी पडतो. आपल्या शेतांतून दिसणारा करडा-तपकिरी रानससा हा वेगळ्या जातीचा प्राणी आहे. पाळीव ससा हा मूळच्या युरोपातील, बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. त्याला आपले रान ठाऊक नाही.

विद्यार्थी मित्रांनो, दारावरची घंटा वाजली तर आपण तिच्यात कापूस कोंबत नाही, दार उघडून कोण आले ते पाहतो. सशाच्या वासाचेही तसेच आहे. तो दाबून टाकायचा नाही, तो कोठून आला ते शोधायचे. त्यासाठी थोडे रसायनशास्त्र, थोडे भौतिकशास्त्र आणि थोडे जीवशास्त्र लागेल.

नाकाला झोंबणारा वास

पहिली तपासणी पिंजऱ्याची. वास नाकात झोंबत असेल, डोळ्यांत पाणी आणत असेल, तर तो अमोनियाचा आहे. हा वास सशाच्या अंगाचा नव्हे, पिंजऱ्याचा असतो.

आमच्या पेठ वडगावच्या परिसरात, वारणा आणि पंचगंगा या दोन नद्यांमधील पट्ट्यात, घराजवळ गोठा ही नेहमीची गोष्ट आहे. पहाटे बंद गोठ्याचे दार उघडल्यावर जो वास येतो तोच हा वास. सशाच्या मूत्रात युरिया असतो. ताज्या मूत्राला अमोनियाचा वास जवळजवळ नसतो. परंतु अंथरुणातील जीवाणू युरीएज नावाच्या विकराच्या साहाय्याने युरियाचे विघटन करतात आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. शेतात युरिया खत टाकल्यावर मातीतही हीच क्रिया घडते.

या क्रियेला तीन गोष्टी लागतात: ओलावा, ऊब आणि वेळ. यांपैकी ऊब आपल्या हाती फारशी नाही, पण ओलावा आणि वेळ आहेत. ओले झालेले अंथरूण रोजच्या रोज काढले तर जीवाणूंना वेळच मिळत नाही. बहुतेक ससे मूत्रविसर्जनासाठी एकच कोपरा निवडतात. त्या कोपऱ्यात एक उथळ ट्रे ठेवून त्यात भाताचे पिंजर किंवा कागदाचे तुकडे घाला आणि तेवढाच ट्रे रोज बदला. सारा पिंजरा रोज धुण्याची गरज नाही. उलट सतत धुतल्याने तो ओला राहतो.

आता थोडे भौतिकशास्त्र. अमोनियाचा रेणुभार १७ आहे आणि हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९. म्हणजे अमोनिया हवेपेक्षा हलका. मग तो वर निघून का जात नाही? पिंजरा चहूबाजूंनी जाळीचा असेल तर जातो. पण खोक्यासारख्या बंद पिंजऱ्यात तो कोंडतो. शिवाय तो जेथून सुटतो त्या अंथरुणालगत त्याचे प्रमाण सर्वांत अधिक असते, आणि जसजसे दूर जावे तसतसा तो हवेत मिसळून विरळ होतो. आपण उभे राहून वास घेतो, तेव्हा आपले नाक दीड मीटर उंचीवर असते. सशाचे नाक असते अंथरुणापासून काही सेंटिमीटरवर, दिवसाचे चोवीस तास! म्हणून पिंजऱ्याची परीक्षा वाकून, सशाच्या नाकाच्या पातळीवर करावी.

आणखी एक गंमत. एकाच वासात बराच वेळ राहिले की आपल्या नाकाला तो जाणवेनासा होतो. म्हणून घरच्यांना वास येत नाही आणि पाहुण्याला येतो. दहा-पंधरा मिनिटे बाहेर मोकळ्या हवेत फिरून या आणि मग वास घ्या.

ससा जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेतो. त्याच्या श्वासमार्गाच्या अस्तराला सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते धूळ व जंतू बाहेर लोटतात. अमोनियामुळे या तंतूंना इजा होते, मग शिंका सुरू होतात, नाकातून स्राव येतो आणि रोगजंतूंना फुप्फुसांची वाट मोकळी होते. अशा वेळी अगरबत्ती लावणे किंवा सुगंधी फवारा मारणे म्हणजे अमोनियात आणखी एका त्रासाची भर घालणे होय. फिनेलही सशासाठी घातक आहे.

ट्रेच्या तळाशी पांढरा कडक थर बसलेला दिसेल. तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूसारखाच पदार्थ आहे. बहुतेक प्राणी आतड्यातून गरजेपुरतेच कॅल्शियम शोषून घेतात. ससा मात्र अन्नातील बरेचसे कॅल्शियम शोषून घेतो आणि जादा भाग मूत्रावाटे टाकतो. म्हणून त्याचे मूत्र गढूळ, दुधाळ दिसते. वनस्पतींतील रंगद्रव्यांमुळे ते कधी पिवळे तर कधी तांबूसही होते. पांढऱ्या थरावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. बुडबुडे येतील. आम्ल आणि कार्बोनेट यांच्या क्रियेने सुटणारा तो कार्बन डायऑक्साइड होय. थर सुटला की स्वच्छ पाण्याने ट्रे धुऊन उन्हात वाळवा.

सशाच्या पोटातील गोबरगॅस

पिंजरा कोरडा आहे, तरीही आंबूस, कुजकट वास येतो आहे. सशाला उचलले की मागच्या बाजूला काळपट, चिकट लगदा दिसतो. हा वास दुसऱ्या प्रकारचा आहे आणि त्याची कथा पोटात सुरू होते.

गवताचा मुख्य घटक सेल्युलोज. ते पचवणारे विकर सशाकडेही नाही आणि म्हशीकडेही नाही. दोघांनीही हे काम पोटातल्या जीवाणूंवर सोपवले आहे. आपल्या जिल्ह्यात अनेक गोठ्यांमागे गोबरगॅसची टाकी दिसते. बंद टाकीत, हवेशिवाय, जीवाणू शेण आंबवतात. प्राण्यांच्या पोटातील टाकीही याच तत्त्वावर चालते. म्हशीची टाकी जठराच्या आधी असते. चारा तेथे दीर्घकाळ आंबतो, पुन्हा तोंडात येऊन रवंथ होतो आणि सारा प्रवास पुरा व्हायला दोन-तीन दिवस लागतात.

सशाला इतके थांबणे परवडत नाही. का? १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० आणि घनफळ १,०००. म्हणजे लहान वस्तूला तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार. शरीराची उष्णता पृष्ठभागातूनच जाते. प्राण्याचे वजन आणि त्याची ऊर्जेची गरज यांचा संबंध माक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवून दिला. त्या नियमाने हिशोब केला तर २ किलो वजनाच्या सशाला दर किलोमागे ५०० किलो वजनाच्या म्हशीच्या सुमारे ४ पट ऊर्जा लागते. गरज चौपट आणि टाकी मात्र एवढीशी!

ससा यावर एक युक्ती करतो. त्याची टाकी जठरानंतर, लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर असते. ती एका टोकाला बंद असलेली मोठी पिशवी आहे. तिला अंधनाल म्हणतात. सशाच्या साऱ्या अन्नमार्गात जेवढे मावते त्याचा सुमारे ४० टक्के भाग एकट्या अंधनालेत असतो. आपल्या पोटातही ती असते, पण अगदी लहान.

टाकीच्या पुढे, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, एक चाळणी बसवल्यासारखी व्यवस्था आहे. गवंडी जशी वाळू चाळतो, तसे हे आतडे अन्नाचे जाडे आणि बारीक कण वेगळे करते. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून जाड तंतू पुढे ढकलले जातात आणि कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. बारीक कण आणि द्रव मात्र आतड्याच्या उलट लाटांनी मागे, अंधनालेत परत जातात. तेथे जीवाणू त्यांच्यावर वाढतात आणि प्रथिने व जीवनसत्त्वे तयार करतात.

दोन प्रकारच्या लेंड्या

पण येथे एक अडचण आहे. अन्नरसाचे पचन व शोषण मुख्यतः लहान आतड्यात होते आणि ते तर मागे राहिले! मग टाकीतील हे पोषण शरीरात जाणार कसे?

त्याचे उत्तर ऐकून तुम्ही नाक मुरडाल. ससा ते पुन्हा खातो. दिवसातून काही वेळा, तो शांत बसलेला असताना, आतड्यातील चाळणी थांबते आणि अंधनालेतील माल मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या गोळ्यांच्या रूपाने बाहेर येतो. ससा खाली वाकून त्या थेट शरीरातूनच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. गोळ्यांवरील बुळबुळीत आवरणामुळे जठरातील तीव्र आम्लातही त्या काही तास टिकतात. चार्ल्स मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ साली या प्रकाराचे वर्णन केले. ही घाणेरडी खोड नव्हे. म्हैस रवंथ करते, तसाच हा सशाचा दुसरा घास आहे. यातून त्याला ब गटातील आणि के जीवनसत्त्व मिळते.

तेव्हा दोन लेंड्या नीट ओळखा. कोरडी, गोल, फोडली तर आत गवताचा भुगा आणि वास जवळजवळ नाही, ती पहिली. अशा लेंड्या मोठा ससा दिवसाला २०० ते ३०० टाकतो. मऊ, काळपट, उग्र वासाची ती दुसरी, आणि ती आपल्याला सहसा दिसतच नाही, कारण ससा ती खाऊन टाकतो. ती पिंजऱ्यात पडलेली किंवा अंगाला चिकटलेली दिसू लागली, तर समजा की कोठेतरी बिघडले आहे. लोक हिलाच हगवण समजतात. तिच्यासोबत कोरड्या गोल लेंड्याही पडत असतील, तर ती हगवण नाही.

मग बिघडले काय? सर्वसाधारण कारण म्हणजे आपले लाड! पोळीचा तुकडा, बिस्किट, केळे, चुरमुरे आणि कोल्हापूरकडचा म्हणजे गूळ आलाच. या पदार्थांतील पिष्ट आणि साखर अधिक झाली की ती अंधनालेपर्यंत पोचते. तेथील जीवाणूंचा समतोल बिघडतो, वायू धरतो आणि मऊ लेंडीचा लगदा होतो. शिवाय पोट अशा अन्नाने भरले की ससा मऊ लेंड्या खायचे सोडून देतो. दुसरे कारण म्हणजे त्याला वाकताच येत नाही. फार लठ्ठ झालेला, सांधे दुखणारा किंवा अगदी लहान पिंजऱ्यात कोंडलेला ससा मागे पोचू शकत नाही. तिसरे कारण दातांचे दुखणे. तोंडाला घाण वास येत असेल, हनुवटी लाळेने ओली असेल, तर दात पाहिले पाहिजेत. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात तर आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर! चरबरीत गवत चावूनच ते झिजतात.

अंघोळ नको

बरबटलेल्या सशाला बादलीत बुडवण्याचा मोह होतो. थोडे गणित करून पाहू. समजा, अंघोळीनंतर २ किलोच्या सशाच्या दाट केसांत १०० ग्रॅम पाणी अडकले. शरीराच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. हा बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा होय.

१०० × ५८० = ५८,००० कॅलरी = ५८ किलोकॅलरी.

स्वस्थ बसलेल्या अशा सशाचे शरीर दिवसभरात सुमारे ११८ किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. वाफेला लागणारी काही उष्णता हवेतूनही मिळते हे खरे, पण हिशोबाचा आकडा दिवसाच्या मिळकतीच्या निम्म्याजवळ जातो! त्यात केसांमध्ये अडकलेली हवा हे सशाचे पांघरूण. ती जागा पाण्याने घेतली की तेही गेले. वर भीती वेगळीच. काही ससे या धक्क्यानेच दगावतात. म्हणून फक्त मळलेला भाग कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने हलकेच पुसा आणि लगेच कोरडा करा. पावसाळ्यात मळलेल्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात. म्हणून त्या दिवसांत मागची बाजू रोज तपासा.

खरे औषध: चोथा

सशाचे आतडे चालते ठेवणारी गोष्ट म्हणजे जाडाभरडा चोथा. चोथा कमी झाला की आतड्याची हालचाल मंदावते. आतला माल कोरडा होऊन साकळतो, वायू धरतो, पोट दुखते. पोट दुखते म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडे आणखी मंदावते. असे हे दुष्टचक्र आहे. त्यात सशाला उलटी होत नाही. गेलेले अन्न परत फिरवण्याची सोय त्याच्याकडे नाहीच.

म्हणून सशाच्या आहाराचा सुमारे ८० टक्के भाग गवत असावे. सशाएवढा ढीग रोज त्याच्यापुढे हवा, तोही चोवीस तास. उसाच्या शेतात शेतकरी जिच्यावर चिडतो ती हरळी, म्हणजेच दूर्वा, सशाला उत्तम. मात्र तणनाशक मारलेल्या शेतातील किंवा बांधावरील हरळी मुळीच आणू नका. आपल्याकडे हा धोका मोठा आहे, तेव्हा शेतमालकाला विचारूनच कापा. गजराज गवत किंवा वाळवलेले साधे गवतही चालते. ज्वारीचा कोवळा पोंगा मात्र घालू नका. त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होते. म्हणून तर शेतकरी तो जनावरांपासूनही दूर ठेवतात. लसूणघासात कॅल्शियम फार असल्याने मोठ्या सशाला तो थोडाच द्यावा.

गवताबरोबर मूठभर कोथिंबीर, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला द्यावा. गाजर स्वतः मात्र गोड असते, त्याची एखादी चकती पुरे. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, कणेर आणि घाणेरी वर्ज्य. कापलेले हिरवे गवत ढीग करून ठेवू नका. अशा ढिगात हात घाला, आत ऊब लागेल. जीवाणूंनी आंबवणे सुरू केल्याची ती खूण. ते गवत सशाच्या पोटात वायू करील. स्वच्छ पाणी नेहमी हवे. कोणताही नवा पाला एकदम न देता आठवडाभरात हळूहळू वाढवावा, कारण टाकीतील जीवाणूंनाही नव्या मालाची सवय व्हावी लागते.

बाजारातून पिल्लू आणताना वय विचारा. पिल्लाच्या पोटातली टाकी जन्मतः रिकामी असते. आईच्या लेंड्या चघळून ते जीवाणू मिळवते. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाचे पोट फार नाजूक असते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नये हे बरे.

गोळी देण्यापूर्वी थांबा

गोबरगॅसच्या टाकीत फिनेल किंवा साबणाचे पाणी गेले तर काय होते, हे गोठा असलेल्या घरात विचारा. जीवाणू मरतात आणि गॅस बंद पडतो. सशाच्या टाकीचेही तसेच. माणसांना सर्रास दिली जाणारी अ‍ॅमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन यांसारखी प्रतिजैविके सशाच्या तोंडावाटे दिली, तर चांगले जीवाणू मरतात, विष निर्माण करणारे जीवाणू माजतात आणि ससा काही दिवसांत मरू शकतो. म्हणून घरातील औषधाची एकही गोळी सशाला देऊ नका. दवाखान्यात गेल्यावर "हा ससा आहे, याला चालणारेच औषध हवे" असे स्पष्ट सांगा.

पुढीलपैकी काही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा:

१. ससा १२ तासांत काही खात नाही किंवा एकही लेंडी टाकत नाही.
२. लेंड्या अचानक बारीक व थोड्या झाल्या आहेत.
३. ससा पाठ वाकवून, दात करकर वाजवत बसला आहे, किंवा पोट ढोलासारखे ताठ लागते.
४. पाण्यासारखी पातळ हगवण आहे. हिच्यात कोरड्या लेंड्या नसतात. पिल्लाला ही फार लवकर मारते.
५. मूत्र करताना तो कुंथतो आहे किंवा त्यात रक्त दिसते.

कडक उन्हाळ्यातही ससा खाणे सोडतो. त्याला घाम येत नाही, उष्णता तो मुख्यतः लांब कानांतून बाहेर टाकतो. तेव्हा पिंजरा पत्र्याखाली ठेवू नका.

करून पाहा

हळद पाण्यात कालवून पांढऱ्या टीपकागदावर पसरा आणि कागद सावलीत वाळवा. त्याच्या दोन पट्ट्या कापून ओल्या करा. एका बरणीत पिंजऱ्यातील एक दिवसाचे ओले अंथरूण घ्या, दुसरीत कोरडे, न वापरलेले. पट्ट्या झाकणाला आतून चिकटवून झाकणे लावा. कोणती पट्टी तांबूस होते आणि किती वेळाने? पट्टी बाहेर काढून मोकळ्या हवेत ठेवल्यावर रंगाचे काय होते? (अंथरूण हाताळल्यावर हात साबणाने धुवा.)

दुसरा प्रयोग महिनाभराचा आहे. एका वहीत रोज सकाळी सशाने खाल्लेला चारा, लेंड्यांचा आकार व अंदाजे संख्या, दिसलेल्या मऊ लेंड्या आणि आठवड्यातून एकदा त्याचे वजन लिहा. पहिले दोन आठवडे नेहमीचा आहार ठेवा. मग गोड व पिठाचे पदार्थ रोज थोडे थोडे कमी करत बंद करा आणि गवत वाढवा. नोंदींत काय फरक पडला?

विचार करा

१. अमोनिया हवेपेक्षा हलका आहे. मग पिंजऱ्याची खिडकी वर असावी की खाली? की दोन्हीकडे?
२. म्हैस रवंथ करते, ससा मऊ लेंडी खातो. दोघांच्या पोटातील टाकीची जागा आणि ही सवय यांचा संबंध कसा लावाल?
३. घोड्याची टाकीही सशासारखी जठरानंतर असते, पण तो मऊ लेंड्या करत नाही. त्याच्या शरीराच्या आकाराचा याच्याशी काही संबंध असेल का?